उजवा पाय, डावा हात

ज्याचं बरं चाललंय अशा माणसानं खुर्चीवर बसून उजवा पाय गोल फिरवायच्या भानगडीत पडू नये. पडलाच, तर त्याच वेळी उजव्या हातानं हवेत सहाचा आकडा तरी काढू नये. लातूरचे कापड दुकानदार उमाशंकर बिडवे, म्हणजे सगळ्या गल्लीचे अप्पा, यांनी एका सोमवारी सकाळी या दोन्ही गोष्टी एकदम केल्या आणि तिथून त्या घराचं सुख उठलं.

दोष शेषेरावांचा. शेषेराव शेजारी राहतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. नोकरीत असताना त्यांनी पाणी कधी वेळेवर सोडलं नाही. त्याची भरपाई म्हणून आता पहाटेपासून व्हिडिओ सोडतात. त्या दिवशी तर ते मोबाइल घेऊन स्वतःच घरी आले.

"अप्पा, बसा खुर्चीवर. उजवा पाय उचला. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा."

"फिरवला."

"थांबू नका. आता उजव्या हातानं हवेत सहा काढा."

अप्पांनी सहा काढला. हात वळला आणि पाय मुकाट्यानं उलटा फिरायला लागला. अप्पांनी पायाकडं डोळे वटारून बघितलं. पाय थांबला, सुलटा झाला, आणि सहा सुरू होताच परत उलटा. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना शब्दानं बांधून ठेवणाऱ्या माणसाचं त्याचा स्वतःचा पाय ऐकेना.

"व्हिडिओत काय म्हणलंय?" अप्पांनी विचारलं.

शेषेरावांनी चष्मा वर करून वाचलं, "ज्यांना हे जमत नाही त्यांची मज्जासंस्था धोक्यात आहे. आजच सावध व्हा."

"तुम्हाला जमतंय का?"

"मी मराठी सहा काढतो," शेषेराव म्हणाले. "मराठी सहा काढला की पाय बिनबोभाट फिरतो." मग त्यांनी मराठी सहा काढून दाखवला. पाय फिरला का, यावर त्या दोघांचं अजूनही एकमत झालेलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रत्नम्मा बाहेर आल्या. हाताला ज्वारीचं पीठ होतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, ऐका की जरा. मला काय व्हायलंय की..."

"थांब!" अप्पा ओरडले. "माझा पाय बघ आधी!"

रत्नम्मांनी पाय बघितला. "लहान लेकरावानी काय पाय फिरवायलाव," म्हणाल्या, आणि परत आत गेल्या.

आता अप्पांची बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस उगीच भित्रा. अप्पांच्या वडलांना कंपवात होता. घरात इष्टलिंगाची पूजा रोजची. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. डावा हात स्थिर पाहिजे आणि उजवा चालता. म्हाताऱ्याचा डावा हात थरथरायला लागला, तेव्हा अप्पांची आई समोर बसून आपला तळहात त्या तळहाताखाली धरायची. पूजा होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. हे अप्पांनी लहानपणापासून बघितलं होतं, आणि वडील गेल्यापासून आपली पाळी कधी येते याची ते वाट बघत होते. पाळी आली ती पायातून, एवढंच त्यांना अनपेक्षित होतं.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावर अप्पांनी डाव्या हाताकडं टक लावून बघितलं. इतकं टक लावून बघितलं की हात हलला. झालं! दुकानात गेल्यावर मीटरपट्टीनं कापड मोजताना ते उजवा हात बघायला लागले, मग डावा, आणि या बघण्यात बिलोलीहून आलेल्या एका पाहुण्याच्या सफारीचं कापड मांडीपाशीच कापून बसले. "अप्पा, ही काय चड्डी शिवायची का?" पाहुण्यानं विचारलं. दुकानातला जुना माणूस व्यंकटी पुढं झाला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही गल्ल्यावर बसा." गल्ल्यावर बसायला सांगणं म्हणजे मालकाला मान देणंच की, पण अप्पांना ते फार लागलं.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी चालण्याची तपासणी सुरू केली. कोणत्या पायाबरोबर कोणता हात पुढं जातो? हा प्रश्न माणसानं आयुष्यात स्वतःला विचारू नये. विचारल्याबरोबर अप्पांचा उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढं आले, मग डावा पाय आणि डावा हात. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेचा अर्धा फेरा त्यांनी असा काढला. एका पानवाल्यानं उठून सॅल्यूट केला. मसाल्याच्या दुकानातल्या ओळखीच्या बाईनं आपल्या नवऱ्याला विचारलं, "अप्पाला निवडणुकीचं तिकीट मिळालं की काय हो?"

घराच्या पायरीवर आधी कोणता पाय टाकायचा याचा निर्णय होईना, आणि निर्णय व्हायच्या आत अप्पा खाली बसले. बसले म्हणजे पडले, पण घरात सांगताना ते बसले असंच सांगतात.

मलम लावायला आणि सल्ला द्यायला गल्ली जमली. शेषेराव म्हणाले, कानात तेल घाला. समोरच्या सिंधुबाई म्हणाल्या, कुणाची तरी नजर हाय, मिरच्या ओवाळा. किशनराव सर तेवढे गंभीर होते. सरांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि आता ऐकून घेणारा कुणी सापडला की ते त्याला सोडत नसत.

"अप्पा, चालणं ही मेंदूनं करायची गोष्टच नाही," सर म्हणाले. "मेंदू नुसतं म्हणतो, चल. बाकी कोणता पाय कधी, कोणता हात कधी, हे सगळं काम त्यानं पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, देऊन टाकलेलं असतं. गुत्तेदार आपलं काम बरोबर करतो. मालक मधेमधे येऊन बघायला लागला की काम बिघडतं."

"पण गुत्तेदारच चोर निघाला तर?" अप्पा म्हणाले.

 आमच्या भागातले रस्ते बघितलेल्या कोणत्याच माणसाकडं याचं उत्तर नसतं.

या सगळ्यात भाकरी बिघडली, हे अप्पांना आणखी एक दुःख. रत्नम्मांची भाकरी म्हणजे काय सांगावं, कागदासारखी पातळ, पुनवेच्या चंद्रासारखी गोल. मुरुडच्या पाहुण्यांत तिचं नाव होतं. ती आता एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटकी यायला लागली. अप्पा जाड कड मोडून ताटाच्या बाहेर ठेवायचे आणि म्हणायचे, "मी आजारी पडलो तर घरात भाकरीकडं बी कुणाचं लक्ष न्हाई." रत्नम्मा त्या कडा गोळा करायच्या आणि आपल्या ताटात घ्यायच्या. रस्त्यानं जाताना पण त्या मागं राहायच्या, डावी चप्पल घासत. "पाय उचल की जरा," अप्पा ओरडायचे, "आजारी मी हाय का तू?"

आणि मग अप्पांना ती नामी युक्ती सुचली. चालणं विसरलंय ना? मग चांगलं चालणाऱ्या माणसाकडं बघून पुन्हा शिकायचं! घरात चांगलं चालणारं माणूस एकच. रोज सकाळी कॉलनीच्या मैदानावर रत्नम्मा पुढं आणि अप्पा मागं.

"तू चाल. तुझं तू चाल. मी बघतो."

"कसं चालू?"

"जसं चालतीस तसं!"

रत्नम्मा चालायच्या. अप्पा मागून हातांचा अभ्यास करायचे. त्यांच्या ध्यानात आलं की उजवा हात पुढंमागं जातो, पण डावा पोटापाशी वाकून गप राहतो. हां! म्हणजे आपण दोन्ही हात हलवायचो तिथंच चुकत होतं. त्यांनी डावा हात पोटाशी धरला, उजवा झुलवला, आणि काय सांगावं, दोन दिवसांत त्यांचं चालणं बसलं. त्यांनी व्यंकटीला पण शिकवलं. मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या दोघातिघांनी ते उचललं, कारण अप्पांनी त्यांना मज्जासंस्थेसाठी चांगलं असतं असं सांगितलं होतं.

पण लेकीला राहवेना. मंजुश्री नांदेडला दिली होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तिकडं एमआरआय करून घ्या आणि तो घेऊन इकडं या. मोठ्या डॉक्टरला दाखवू."

एमआरआय करायला गेल्यावर मशीनवरची बाई म्हणाली, "अंगावरचं धातूचं सगळं काढा." अप्पांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, पट्टा काढून पँट हातात धरली. गळ्यातली चांदीची डबी राहिली.

"ते काय आहे?"

"इष्टलिंग."

"ते पण काढा."

अप्पांनी पँट धरूनच तिला समजावलं की लिंग अंगावरून उतरत नाही. पूजेला तळहातावर घ्यायचं आणि परत गळ्यात. माणूस जातो तेव्हाही ते त्याच्याबरोबर मातीत जातं. बाई म्हणाली, मशीन फार मोठं लोहचुंबक आहे, डबी ओढली जाईल. मग डबी काढून लिंग नुसतं कपड्यात बांधायचं ठरलं. पण आतल्या लिंगात धातू नाही कशावरून?

"दगड हाय आत, वरून काळा लेप."

"तसं लिहून आणा."

"कुणाकडून? महादेवाकडून?"

मठाकडून आणा, म्हणे. मठातले कारभारी भले माणूस, पण लिंगात लोखंड नसल्याचं पत्र त्यांनी आजवर कुणाला दिलेलं नव्हतं, त्यामुळं त्याचा नमुना नव्हता. नमुना नाही म्हणून आधी अर्ज, अर्ज समितीपुढं, समितीतले एक सदस्य उदगीरला लग्नाला गेलेले. ते परत आले तेव्हा त्यांनी शंका काढली की यांना पत्र दिलं तर उद्या सगळा समाज पत्रं मागायला येईल. शेवटी पत्र मिळालं, लिंग पांढऱ्या फडक्यात दंडाला बांधलं गेलं आणि अप्पा मशीनमध्ये गेले. आत कानठळ्या बसवणारा ठोकठोकाट. बाईनं निक्षून सांगितलं होतं, हलायचं नाही. अप्पांचा उजवा पाय आत जाऊन घड्याळाच्या काट्यासारखा फिरायला लागला. पुन्हा पहिल्यापासून.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. एवढं करून काही निघू नये याचं अप्पांना थोडं वाईटच वाटलं.

नांदेडला एसटीनं निघाले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोह्याला गाडी थांबली तेव्हा अप्पा म्हणाले, "रत्ना, माझं काही बरंवाईट झालं तर दुकान व्यंकटीच्या भरोशावर सोडू नको."

"हाव," रत्नम्मा म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवर पिशवी होती आणि डावा हात पिशवीखाली होता.

मंजुश्री त्यांना घेऊन गेली तो डॉक्टर वयानं लहान निघाला, याचा अप्पांना पहिला धक्का. त्यानं रिपोर्ट बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांपुढं बोट फिरवलं आणि अप्पांची सगळी कहाणी न हसता ऐकली. मग त्यानं स्वतःचा उजवा पाय टेबलाबाहेर काढला, फिरवला, आणि हवेत सहा काढला. पाय उलटा.

"बघा, माझाही फिरला."

"मग तुमची बी मज्जासंस्था..." अप्पा हळहळून म्हणाले.

"बहुतेक सगळ्यांचं असंच होतं काका. उजवा हात आणि उजवा पाय, दोघांनाही हुकूम मेंदूच्या एकाच बाजूनं सुटतो. दोन उलट्या दिशांचे हुकूम एकदम निघाले की ते एकमेकांत मिसळतात. एका वेळी दोन अवयवांकडून दोन वेगळी कामं करून घेणं हे मेंदूचं फार अवघड काम आहे, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. तुम्हाला काही झालेलं नाही. आता चालून दाखवा आणि जा घरी."

अप्पा ऐटीत उठले. उजवा हात झुलवत, डावा पोटाशी धरून, दारापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टरचा चेहरा बदलला.

"डावा हात का हलत नाही?"

"तो हलवायचाच नसतो," अप्पा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"हिच्याकडं बघून शिकलो की. ही पहिल्यापासून बरोबर चालती. हिचा बी डावा हलत न्हाई."

 डॉक्टरनं अप्पांच्या खांद्यावरून मागं बघितलं. दाराजवळच्या स्टुलावर रत्नम्मा बसल्या होत्या.

"आई, तुम्ही जरा चालता का?"

"मी कशाला?" रत्नम्मा म्हणाल्या. "मी आपली संगट आलेय."

"चाला जरा."

त्या चालल्या. मग डॉक्टरनं त्यांना आधी उजव्या, मग डाव्या हाताचं बोट अंगठ्यावर भरभर आपटायला सांगितलं. उजव्या हाताला ते सहज जमलं. डाव्याचं बोट दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा निम्मंच उघडलं, मग जागीच अडून राहिलं. मंजुश्री भिंतीशी उभी होती, ती खाली बसली.

"भाकरी जमते का आई?" डॉक्टरनं विचारलं.

रत्नम्मांनी अप्पांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "थापायचा हात चालतोय. कड सावरून फिरवायचा हात इसरतोय. त्याला दर बारीला सांगावं लागायलंय, फीर म्हणून. तवर थापायचा हात थांबतोय."

डॉक्टर सावकाश बोलला. कंपवाताची सुरुवात वाटते, अजून तपासू, गोळ्या आहेत, व्यायाम आहे, बरीच वर्षं चांगली जातात.

"पण तिला कंप कुठं हाय?" अप्पा म्हणाले. "माझ्या वडलाला होता. मला म्हाईत हाय ना. हिचा हात थरथरत न्हाई!"

"सगळ्यांना आधी थरथर येत नाही काका. काहींचा हात आधी गप होतो."

अप्पा खुर्चीत बसले. बापाचा आजार येईल म्हणून ते इतकी वर्षं पुढच्या दाराला कडी लावून बसले होते, आणि तो मागच्या दारानं आला. रोज सकाळी मैदानावर त्यांनी तो डोळे फाडून बघितला होता. नुसता बघितला नव्हता, शिकून घेतला होता, आणि व्यंकटीलाही शिकवला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"कधीपासून हाय हे?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून असंल."

"मग सांगितलं का न्हाईस मला?"

"सांगायलेच आले होते," रत्नम्मा म्हणाल्या. "त्या सोमवारी. तुम्ही पाय फिरवत बसलाव."

"मग त्यानंतर?"

"त्यानंतर तुमचंच चालू होतं की. एका घरात एका वेळी दोघांनी आजारी पडल्यावर करायचं कुणी?"

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हणाल्या असत्या तर अप्पांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. दवाखान्याच्या आवारात, पोरीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर अप्पा रडले. रत्नम्मा म्हणाल्या, "पुसा डोळे. लोक म्हणतील यालाच काहीतरी मोठं निघालं."

लातूरला परत आल्यावर शेषेराव फाटकातच उभे होते. "काय निघालं अप्पा?"

"मला काही न्हाई," अप्पा म्हणाले, आणि हे वाक्य इतकं वाईट वाटू शकतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. शेषेरावांनी मोबाइल वर केला होता, तो त्यांनी हळूच खिशात घातला. मैदानावर डावा हात पोटाशी धरून फिरणाऱ्यांना अप्पांनी एकेकाला गाठून सांगितलं की बाबांनो, दोन्ही हात मोकळे सोडा. का, ते सांगितलं नाही.

पुढच्या सकाळी रत्नम्मा परातीपुढं बसल्या. गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण गुण यायला वेळ लागेल असं डॉक्टर बोलला होता. उजवा हात थापत होता. डावा हात परातीच्या काठावर पडून होता. पिठाचा गोळा एका बाजूनं पसरला, दुसऱ्या बाजूनं तसाच जाड राहिला.

अप्पा दारात उभे राहून बघत होते. मग आले, घरातलं धोतर सावरलं आणि परातीच्या पलीकडं मांडी घालून बसले.

"काय करायलाव?"

"तू थाप. मी फिरवतो."

"हात धुतलाव का?"

अप्पा उठले, हात धुऊन आले, परत बसले. त्यांनी दोन बोटांनी कड धरली. रत्नम्मांनी थापलं, अप्पांनी फिरवलं. थापलं, फिरवलं. अप्पांचा हात रत्नम्मांच्या हाताच्या आड आला, पीठ फाटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा कड धरली.

"उलटं फिरवायलाव," रत्नम्मा म्हणाल्या.

"मग कसं फिरवू?"

"घड्याळाच्या काट्यासारखं."

अप्पांनी वर बघितलं. रत्नम्मा हसत होत्या. दिवाळीपासून पहिल्यांदा, पिठाचा हात तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. अप्पांना हसावं का रडावं कळेना, म्हणून ते फिरवत राहिले, आता बरोबर दिशेनं.

भाकरी तव्यावर गेली ती कोणत्याच बाजूनं गोल नव्हती. एकीकडं जाड, मधे भोक, आणि एका कडेला अप्पांच्या अंगठ्याचा ठसा. रत्नम्मांनी ती भाजून त्यांच्या ताटात टाकली आणि सवयीनं, जाड कड काढून घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी ती कडेसकट खाल्ली, आणि आणखी एक मागितली.